फजची फजिती

आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक जुनी नोटीस आहे. 'खोलीमध्ये हीटर, कॉइल वगैरे वापरल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' नीट पाहिलंत तर त्यातल्या 'वगैरे'वर काट मारून वर निळ्या पेनानं 'इंडक्शन शेगडी' असं लिहिलेलं दिसेल. ते दोन शब्द म्हणजे मी या हॉस्टेलला दिलेली देणगी! ती कशी दिली, आणि त्या बदल्यात मला काय मिळालं, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझा रूममेट लोणावळ्याचा. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचं बारसं होऊन तो 'चिक्की' झाला. त्याला हे नाव मुळीच आवडत नाही. तो म्हणतो, "लोणावळ्यात चिक्की टुरिस्ट लोक घेतात. आम्ही फज खातो." एका सुट्टीवरून येताना त्यानं खरंच फजचा डबा आणला. लोणावळ्याला स्टेशनजवळ कूपर्स नावाचं जुनं दुकान आहे, तिथली अक्रोड घातलेली चॉकलेट फज. पाच मिनिटांत डबा रिकामा! मी एक तुकडा तोंडात टाकला आणि पटकन बोलून गेलो, "अरे, हा तर चॉकलेटचा पेढा!"

सगळी रूम हसली. मीही हसलो. पण मी ते गंमत म्हणून बोललो नव्हतो. जिभेवर ठेवल्यावर आधी घट्ट, मग हळूहळू विरघळणारी, दाताखाली कण न लागणारी ती चीज मला लहानपणापासून ओळखीची होती.

मी अकोले तालुक्यातल्या राजूरचा. भंडारदऱ्याला ट्रीपला गेलेले राजूरवरूनच पुढे गेले असतील, आणि येताना पेढे घेऊनही आले असतील. राजूरचे पेढे आमच्या भागात प्रसिद्ध आहेत. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, खव्याच्या कढईवर काम करतात. म्हशीचं साडेचार-पाच लिटर दूध आटतं तेव्हा कुठं किलोभर खवा होतो. तेवढा वेळ माणसानं कढई सोडायची नाही, उलथनं थांबवायचं नाही. पहाटे चूल पेटली की दुपारपर्यंत नाना धुरात. शर्टाला, केसांना, आमच्या घरातल्या गोधड्यांनासुद्धा आटलेल्या दुधाचा आणि धुराचा वास. लहानपणी मला तो आवडायचा. अकरावीला तालुक्याला गेलो तेव्हा पहिल्यांदा शर्ट हुंगून बाहेर पडायला लागलो. आणि इथं आल्यावर कुणी विचारलं तर सांगायचो, "वडिलांचा स्वीट्सचा बिझनेस आहे."

खोटं बोलायची सुरुवात अशी लहान लहान गोष्टींपासून होते, असं आता वाटतं. कारण पुढचं खोटं बरंच मोठं होतं.

सेकंड इयरचा रिझल्ट लागला आणि माझे पाच विषय राहिले. वायडी! ज्यांना लागला नाही त्यांना या दोन अक्षरांचं वजन कळणार नाही. आपले मित्र टीईला जातात, आपण त्याच बेंचवर, त्याच लेक्चरला, ज्युनिअरच्या शेजारी. मी घरी फोन केला. आईनं विचारलं, "झालं का रे पास?" मी म्हणालो, "झालो." पुढं तिनं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. त्या दिवसापासून मी घरी फोनवर टीईला होतो आणि कॉलेजात एसईला.

हिवाळी परीक्षेत तीन विषय निघाले. राहिले दोन, एम-थ्री आणि थर्मोडायनॅमिक्स. उन्हाळी परीक्षेचे फॉर्म सुटणार होते आणि बॅकलॉगची फी घरून मागायची सोय नव्हती. टीईच्या मुलाला एसईच्या विषयांची फी कशाला लागते, हे नानांना कसं सांगणार? तेवढ्यात गॅदरिंगची नोटीस लागली. त्यात आनंदमेळा होता, खाद्यपदार्थांचे स्टॉल लावायचे. भेळ, सँडविच, वडापाव यांचे स्टॉल आधीच बुक झालेले. चिक्की म्हणाला, "आपण फज करू. नगरमध्ये कुणी करणार नाही." (२०२४ पासून जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जीभ अजून नगरवरच वळते. माफ करा.)

चॉकलेट फजची मूळ कृती ऐकली की हसू येतं. साखर, कोको पावडर, दूध, लोणी, थोडं व्हॅनिला. संपलं! कंडेन्स्ड मिल्क किंवा तयार चॉकलेट वितळवून करायची सोपी पद्धतही आहे. पण चिक्कीला ती मान्य नव्हती. "ती फज नाही, तो शॉर्टकट आहे." आता ज्याला साधी मॅगी जमत नाही त्यानं हे बोलावं!

मला एक गंमत वाटली. या पाच वस्तूंपैकी कोको आणि व्हॅनिला सोडलं तर बाकी सगळं आपल्याच जिल्ह्याचं. आमच्याकडे पाऊस पडतो, तो भंडारदऱ्याच्या धरणात साठतो. इंग्रजांनी १९१० साली ते बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. तेच पाणी प्रवरेतून आणि कालव्यातून खाली जातं, त्यावर ऊस होतो. त्याच उसाच्या जिवावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. दूध तर गल्लोगल्ली. तरीही फज खायची तर लोणावळ्याहून आणायची! हे भाषण मी रूममध्ये दिलं. टाळ्या पडल्या आणि कामही माझ्यावरच पडलं. "तुझ्या वडिलांचा स्वीट्सचा बिझनेस आहे ना? मग कर!"

पहिला प्रयोग रूममध्येच. चिक्कीनं कुणाची तरी इंडक्शन शेगडी आणली. दूध, साखर, कोको एकत्र करून पातेलं ठेवलं. उकळी यायला लागली, वास पसरला, कॉरिडॉरमधले चार-पाच जण चमचे घेऊन दारात उभे राहिले. तेवढ्यात शेजारच्या रूममधल्या महाभागानं पाणी तापवायला आपली कॉइल लावली... आणि खट्! सगळी विंग अंधारात. उद्या सबमिशन असलेल्या तीस जणांनी एका सुरात आमच्या पूर्वजांचा उद्धार केला. रेक्टर सर टॉर्च घेऊन आले तेव्हा त्या प्रकाशात आम्ही सहा जण पातेल्याभोवती गोल बसलो होतो. एखाद्या होमाला बसावं तसे!

शेगडी जप्त झाली. सर मला ऑफिसमध्ये घेऊन गेले. मी सगळं सांगितलं, स्टॉलचं, फजचं. फीचं सांगितलं नाही. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मेसमध्ये रात्री दहानंतर एक बर्नर रिकामा असतो. मामांना विचारा. आणि उद्या ती नोटीस दुरुस्त करून लावा." तीच ती निळ्या पेनाची दुरुस्ती. अक्षर माझंच आहे.

हॉस्टेलमध्ये फज करणारे आम्ही पहिले नव्हतो, हे नंतर वाचनात आलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात व्हॅसर नावाचं कॉलेज आहे, त्या काळी ते फक्त मुलींचं होतं. तिथल्या एमेलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीनं पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय की १८८६ साली बाल्टिमोरमध्ये तिच्या मैत्रिणीच्या नात्यातल्यांनी केलेली फज ४० सेंट पौंड या भावानं विकली जात होती. तिनं ती कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजच्या एका विक्रीसाठी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास फज केली. मग ते वेड बाकीच्या मुलींच्या कॉलेजांतही पसरलं. दिवे मालवायची वेळ झाल्यावर मुली खोल्यांत गुपचूप फज करत बसायच्या, असं सांगतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही हॉस्टेल तेच, रात्र तीच, आणि बहुतेक रेक्टरही तेच!

दुसरा प्रयोग मेसमध्ये. यावेळी पातेलं नीट उकळलं. खाली लागू नये म्हणून मी सतत हलवत होतो. उतरवल्यावरही हलवत होतो, कारण लवकर घट्ट व्हायला हवं होतं. घट्ट झालं. ताटात ओतलं. सकाळी खाल्लं तर कचकच वाळू! सिव्हिलवाला शेजारी एक तुकडा चावून गंभीरपणे म्हणाला, "याची सिव्ह अ‍ॅनालिसिस करावी लागेल. कोर्स सँड वाटतेय."

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. आई पाकात लिंबू पिळते, म्हणजे साखर परत कडक होत नाही, हे मला माहीत होतं. ते बरोबरच आहे. आंबटानं साखरेचे थोडे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि उरलेल्या साखरेचे खडे बनायला अडथळा येतो. पण आईच्या पाकात पाणी असतं आणि माझ्या पातेल्यात दूध होतं, एवढी साधी गोष्ट मी विसरलो. लिंबू पिळलं, दूध फाटलं. मेसच्या मामांनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आज चॉकलेट पनीर का?"

चौथ्या वेळी मी इंजिनिअर व्हायचं ठरवलं. ऑनलाइन तीनशे रुपयांचा स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मागवला. पुस्तकी आकडा होता ११२ ते ११६ अंश सेल्सिअस. साखरेचा पाक उकळतो तसं त्यातलं पाणी उडून जातं, पाक दाट होतो आणि जेवढा दाट, तेवढा त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणजे तापमान मोजलं की पाकात पाणी किती उरलंय ते कळतं. हे वाचून मी खूश. आधी साध्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहिला तर ९८ दाखवतो! वाटलं, फसवलं. तरी 'कमी नको, जास्तच असू दे' म्हणून पाक चांगला ११६ पर्यंत नेला. थंड करून घोटायला घेतला तर पातेल्यातच त्याची फरशी झाली. चमचा आत, दांडा बाहेर. तो चमचा मेसच्या मामांनी दोन दिवस पाण्यात भिजत घातला होता.

दुसऱ्या दिवशी थर्मोच्या सरांना गाठलं. ज्यांच्या विषयात मी नापास त्यांनाच! मी म्हटलं, "सर, पाणी ९८ ला उकळतंय. थर्मामीटर खराब आहे ना?" सर हसले. "थर्मामीटर बरोबर आहे, तू चुकलास. नगर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?" मी गप्प. "साधारण साडेसहाशे मीटर. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंशानं उतरतो. म्हणजे तुझं इथलं ११६ हे समुद्रकाठच्या ११८ इतकं झालं. दोन अंश वजा कर." मग थोडं थांबून म्हणाले, "हे मी युनिट एकला शिकवलं होतं. दोन वेळा. तू दोन्ही वेळा वर्गात होतास."

मी आयुष्यात पहिल्यांदा थर्मोचं पुस्तक परीक्षा नसताना उघडलं ते त्या रात्री. पण आनंदमेळ्याला तीन दिवस राहिले होते आणि हजार रुपयांच्या सामानातलं निम्मं वाया गेलं होतं. शेवटी घरी फोन लावला. आईला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आई, पाक गोळीबंद झाला हे कसं ओळखायचं?" आईनं फोन सरळ नानांकडे दिला.

"कशाला पायजे तुला गोळीबंद पाक?"

"काही नाही नाना, कॉलेजात स्टॉल लावायचाय. चॉकलेटची बर्फी करतोय."

पलीकडं शांतता. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "पाण्यात टाकून बघितला का?"

"थर्मामीटर आहे नाना."

"ते ऱ्हाऊ दे. वाटीत गार पाणी घे. पाकाचा थेंब त्यात सोड. बोटानं गोळा कर. गोळी झाली पायजे, पण पाण्याबाहेर काढून दाबली की बसली पायजे. टणक राहिली तर पुढं गेला. उतरव लगेच."

"बरं. मग लगेच घोटू?"

"नको! तिथंच सगळे चुकतात. उतरवला की लोणी वर टाक आन् हात लावू नको. हालवायचं नाय. भांडं बाहेरून हाताला कोमट लागंल तोवर थांब. मग घोट, आन् मग थांबू नको." थोडं थांबून म्हणाले, "आन् कडंला साखर चिकटली असंल ती वल्या फडक्यानं आधी पुसून घे. एक कण जरी आत पडला तरी सगळा माल दाणेदार हुतो."

नाना सातवीपर्यंत शिकलेत. त्यांनी मला त्या दोन मिनिटांत जे सांगितलं ते पुढे मला पुस्तकात सापडलं. २० अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम साखर विरघळते आणि १०० अंशाला तीच जवळजवळ ४८७ ग्रॅम. म्हणजे गरम पाक गार झाला की त्यात मावते त्यापेक्षा कितीतरी जास्त साखर अडकून बसलेली असते, बाहेर पडायची संधी शोधत. कडेचा एक कण आत पडला, किंवा गरम असताना चमचा फिरवला, की मोजकेच स्फटिक तयार होतात आणि सगळी साखर त्यांच्यावर चढत जाते. खडे मोठे होतात. तीच आपली वाळू. पण पाक ४३-४५ अंशापर्यंत गुपचूप गार होऊ दिला आणि मग जोरात घोटला, तर एकाच वेळी असंख्य स्फटिक तयार होतात. कुणालाच मोठं व्हायला साखर पुरत नाही. सगळे इतके बारीक राहतात की जिभेला कण जाणवत नाही. हीच फज. आणि ४३ अंश म्हणजे 'हाताला कोमट'! वाटीतल्या पाण्यातली गोळीही पाकाचा दाटपणा थेट दाखवते, म्हणून तिला ना समुद्रसपाटी लागते, ना दोन अंशांची दुरुस्ती. राजूरला असो की लोणावळ्याला, गोळी ती गोळीच.

पाचवी वेळ. साखर सहाशे ग्रॅम, कोको साठ ग्रॅम, म्हशीचं दूध साडेतीनशे मिली. कोको आणि साखर कोरडीच एकत्र केली म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग दूध. उकळी येईपर्यंत हलवलं आणि मग चमचा बाजूला ठेवला. कडा ओल्या फडक्यानं पुसल्या. थर्मामीटरवर ११० दिसल्यावर वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायला सुरुवात केली. पहिला पसरला. दुसरा पसरला. तिसऱ्याची गोळी झाली, बाहेर काढून दाबली, बसली. उतरवलं. साठ ग्रॅम बटर आणि चमचाभर व्हॅनिला वर टाकलं. बटर खारट होतं म्हणून वेगळं मीठ नाही.

आणि मग थांबलो. हे थांबणंच सगळ्यात अवघड. सव्वा तास लागला. चिक्की दर पाच मिनिटांनी चमचा उचलायचा आणि मी त्याच्या हातातून काढून घ्यायचो. मामा भांडी घासून झोपायला गेले. मेसमध्ये आम्ही दोघं आणि ते पातेलं. चिक्की म्हणाला, "तुझ्या वडिलांना हे सगळं कसं माहीत?" मी म्हणालो, "ते खवा आटवतात. कढईवर. पहाटे चारपासून." पहिल्यांदाच सांगितलं. चिक्की म्हणाला, "मग आधी का नाही विचारलंस त्यांना? चार पातेली वाचली असती." बस्स, एवढंच! ज्या गोष्टीला मी तीन वर्षं घाबरत होतो तिची किंमत चार पातेली.

भांडं कोमट लागलं तसं घोटायला घेतलं. आळीपाळीनं वीस मिनिटं. हात भरून आले. आधी ते आरशासारखं चकाकत होतं. मग हळूहळू चकाकी गेली, रंग थोडा फिकटला, चमच्यामागे रेघ उमटून तशीच राहायला लागली. पटकन तूप लावलेल्या ताटात ओतलं. सकाळी सुरीनं वड्या पाडल्या. सिव्हिलवाल्यानं एक खाल्ली आणि काहीच बोलला नाही. दुसरी उचलली.

तीन घाणे केले, १२० वड्या निघाल्या, पंधरा रुपयाला एक. दुपारी दोनपर्यंत संपल्या. रेक्टर सरांनी चार घेतल्या आणि पैसे देऊनच गेले. थर्मोचे सर आले, एक खाल्ली आणि विचारलं, "किती अंश?" मी म्हणालो, "सर, पाण्यात गोळी करून बघितली." सर म्हणाले, "उत्तम!" हिशेब केला. अठराशे जमले, वाया गेलेलं धरून अकराशे खर्च. उरले सातशे. फॉर्मच्या फीला कमी पडले ते चिक्कीनं घातले. फॉर्म भरला.

काही वड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या घेऊन शनिवारी घरी गेलो. तारकपूर स्टँडवरून संगमनेर, मग अकोले, मग राजूर. डबा मांडीवर. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. नाना कढईवरच होते. मी डबा पुढे केला. त्यांनी हात पुसले, एक वडी तोडून बोटात चुरून पाहिली, मग जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"दाणा बारीक बसलाय," ते म्हणाले. "जमलं तुला."

शाळेपासून आजवर मार्कशीट बघून नाना कधी असं म्हणाले नव्हते. माझी जुळवलेली सगळी वाक्यं गळून पडली. "नाना," मी म्हणालो, "मी टीईला नाही. नापास झालो होतो. वर्ष गेलं. हे फीसाठीच केलं होतं."

नानांनी कढईकडे पाहिलं. उलथनं फिरत राहिलं. म्हणाले, "म्हाईत हाय."

ऑगस्टात, पावसात, कॉलेजची काही पोरं गाड्या घेऊन भंडारदऱ्याला चालली होती. पेढे घ्यायला थांबली. त्यांच्या टी-शर्टवर आपल्या कॉलेजचं नाव बघून नाना कढईवरून उठून बाहेर आले होते. "माझा पोरगा पण तुमच्याच कॉलेजात हाय. मेकॅनिकल. टीईला," असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यातला एक जण म्हणाला, "काका, तो टीईला नाही, आमच्याच वर्गात आहे. एसईला."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय? त्येला पावशेर पेढे जास्त घातले. तुझ्या वर्गातला पोरगा म्हणल्यावर."

"नाना, मला विचारलं का नाही? सहा महिने..."

त्यांनी जाळ थोडा ओढला. "गरम पाकात हात घालत नसत्यात," म्हणाले. मग उलथनं माझ्या हातात दिलं. "धर. मी पाणी पिऊन येतो. खाली लागू देऊ नको."

नाना पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी कढईसमोर उभा होतो. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येण्याबद्दल कुणी काही बोलण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी शर्टाला जो वास लागला तो मी हॉस्टेलला येईपर्यंत तसाच ठेवला.

इंग्रजीत 'फज' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो आपल्याला लॅबमध्ये चांगला माहीत असतो. रीडिंग जुळत नसलं की आकडे थोडे इकडचे तिकडे करून ग्राफ सरळ आणायचा, त्यालाही फज करणंच म्हणतात. मी वर्षभर घरी तेच करत होतो. ग्राफ मस्त सरळ येत होता. फक्त तो माझा नव्हता.

उन्हाळी परीक्षेत थर्मो निघाला. एम-थ्रीसुद्धा निघाला, अगदी काठावर. आता मी खरोखरच टीईला आहे, फोनवर आणि वर्गातही. नाना आता फोनवर विचारतात, "काय निघालं, काय ऱ्हायलं?" आणि मी जे असेल ते सांगतो.

ज्युनिअर मित्रांनो, यंदाच्या आनंदमेळ्यात फज करणार असाल तर कृती वर दिलीच आहे. लिंबू पिळू नका. कडा पुसा. गरम असताना हात लावू नका. आणि पाक जमत नसेल तर तीनशे रुपयांचा थर्मामीटर घ्यायच्या आधी घरी एक फोन करा. आणि एवीतेवी फोन लावलाच आहे, तर बाकीचंही सांगून टाका. तिकडं बहुतेक माहीत असतं.

मेसच्या मामांचा तो चमचा मी भरून दिलेला आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी!

— एक हॉस्टेलवासी, टी.ई. मेकॅनिकल